ॲडीचं काय चुकलं? (कट्ट्यावरचं भांडण)

बापूचं म्हणणं ॲडी शेवटी भित्री निघाली. सुमीचं म्हणणं बापूला पुस्तक कळलंच नाही. आणि पिंट्या दोघांच्या मधे बसून दोघांनाही हो म्हणत होता.

पुस्तक म्हणजे केंट हॅरफचं 'अवर सोल्स ॲट नाइट', 2015 चं, सुमीने सगळ्यांच्या गळ्यात मारलेलं. छोटंसंच आहे म्हणून वाचलं तरी, नाहीतर पुस्तकाचं नाव निघालं की आमच्यातला वकील चहा सांगायला उठतो. अमेरिकेत कोलोरॅडोमधे होल्ट नावाचं बारकं गाव (लेखकाच्या डोक्यातलं, त्याच्या सगळ्या कादंबऱ्या तिथेच घडतात), तिथली सत्तर वर्षांची ॲडी मूर, नवरा कधीचा गेलेला, एका संध्याकाळी जवळच राहणाऱ्या लुईस वॉटर्सकडे जाते, हा शाळेतला निवृत्त मास्तर, बायको वारलेली, आणि सरळ विचारते की रात्री माझ्याकडे झोपायला येशील का. तसलं काही नाही हो, शेजारी पडून अंधारात गप्पा मारायच्या, कारण दिवस कसातरी निघतो, रात्र निघत नाही. लेखक स्वतः तेव्हा आजारी होता, बायकोला म्हणाला आपल्यावरच पुस्तक लिहितो, आणि लिहून नोव्हेंबर 2014 मधे गेला. छापलेलं पुस्तक त्याने बघितलंच नाही.

"पण मला सांगा," बापू पेटलेला, "पहिल्या रात्री तो कागदी पिशवीत पायजमा आणि टूथब्रश घेऊन मागच्या बोळातून जातो चोरासारखा, तर हीच बाई त्याला सांगते की पुढच्या दाराने ये, लोक काय म्हणतील ते आयुष्यभर बघितलं, आता बास. एवढी खमकी बाई! आणि पोराने डोळे वटारले की गप्प?"

पोरगा म्हणजे जीन. धंदा बसलेला, बायकोशी फाटलेलं, म्हणून सहा वर्षांचा जेमी उन्हाळाभर आजीकडे. पोरगं रात्री घाबरून रडत उठतं, मग लुईस त्याला उंदराची पिल्लं दाखवतो, तिघं मिळून त्याच्यासाठी एक कुत्री आणतात, कॅम्पिंगला जातात. हा भाग मला सगळ्यात आवडला, त्या दोघांच्या अंधारातल्या गप्पांपेक्षाही. आणि मग जीन सांगतो की हा माणूस सोड, नाहीतर नातू विसर. आणि ॲडी ऐकते.

वकील अर्थात जीनच्या बाजूने, त्याला उलट्या बाजूने भांडल्याशिवाय चहा गोड लागत नाही. म्हणे, त्याचंही बघा ना, लहानपणी बहीण त्याच्या डोळ्यांसमोर गाडीखाली गेली, बापाने त्यानंतर त्याला कधी जवळ घेतलं नाही. आणि लुईस तरी कुठला साधू, बायको-मुलगी सोडून दुसऱ्या बाईकडे राहायला गेला होताच की काही दिवस, ते अख्ख्या गावाला माहीत. "उद्या माझ्या आईने असा माणूस घरात घेतला तर इस्टेटीचं बघायला नको?"

"कायदा काय म्हणतो रे?" सुमीने मुद्दाम विचारलं.

"आपल्याकडे 2007 चा आहे ना, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा. निर्वाहात अन्न, कपडे, निवारा, औषधपाणी सगळं आलं."

"आणि रात्री बोलायला माणूस?"

"ते नाही त्यात," वकील म्हणाला आणि पहिल्यांदाच जरा गप्प बसला.

पिंट्या म्हणाला, पुण्यात माधव दामल्यांनी ज्येष्ठांच्या लिव्ह-इनसाठी मंडळच काढलंय, तिथे कुठे गाव पेटलं? बापू म्हणाला गाव कशाला पेटेल, घरातली पोरंच पुरे आहेत.

मला हे पटलं, पण मग बापूचं भित्री-बित्री पटत नाही. गाव ॲडीचं काय वाकडं करणार होतं? फार तर टोमणे. ते तिने कधीच मोडीत काढले होते, उलट दोघं भर दुपारी हॉटेलात जेवायला जाऊन बसले होते. जीनच्या हातात मात्र जेमी होता. बापू म्हणाला, मग थांबायचं, पोरं मोठी होतात, दहा वर्षांनी जेमी आपणहून आला असता आजीकडे. सत्तरीच्या बाईने दहा वर्षं आणायची कुठून, तेही सांग म्हटलं.

पिंट्या मधेच म्हणाला, सिनेमात जेन फोंडा भारी दिसते. तेव्हा कळलं की पठ्ठ्याने पुस्तक उघडलंच नाही, 2017 चा सिनेमा बघून तासभर हुज्जत घालत होता. सिनेमा आपल्या रितेश बत्राचा आहे, 'लंचबॉक्स'वाला, त्यामुळे आणखी पंधरा मिनिटं इरफानवर गेली.

शेवटाला ॲडी पडते, हाड मोडतं, जीन तिला ग्रँड जंक्शनला आपल्याजवळ नेतो, आणि तिथून ती रात्री लपून लुईसला फोन करते. "म्हणजे परत मागचाच बोळ," बापू म्हणाला. च्यायला, हे बाकी त्याने बरोबर पकडलं. पण सुमी ऐकेना, फोन तिने लावलाय, पोराने बंदी घातली असताना लावलाय, आणि याला तुम्ही भित्रेपणा म्हणता?

बापूने मग गाडी लुईसवर वळवली. पेन्शनर माणूस, होल्टमधे त्याचं काय अडलं होतं, ग्रँड जंक्शनला एक खोली भाड्याने घेऊन राहायचं ना गपचूप. याला अजून कुणाकडे उत्तर नाहीये.