आधी फसलेल्यांचे पैसे, मग सरकार
लेखात 'गुन्ह्याच्या पैशातली प्रॉपर्टी आता थेट सरकारजमा' असं लिहिलंय ते अर्धवट आहे हो. बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 107 वाचा, 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तपास अधिकारी एसपी नाहीतर पोलीस कमिशनरची मंजुरी घेऊन कोर्टात अर्ज करतो, कोर्ट 14 दिवसांची कारणे दाखवा नोटीस काढतं आणि आरोपीचा फ्लॅट मेव्हण्याच्या नावावर ठेवलेला असला तर मेव्हण्यालापण नोटिशीची कॉपी जाते (बसा आता!). प्रॉपर्टी गुन्ह्याच्या पैशातलीच आहे हे कोर्टाला पटलं की कलेक्टरने 60 दिवसांत ते पैसे फसलेल्या लोकांत हिश्श्याप्रमाणे वाटायचे, उरलं किंवा कोणी दावाच केला नाही तरच सरकारजमा. पण वाटप होऊन गेल्यावर आरोपी निर्दोष सुटला तर काय, ते कलमात कुठे दिसत नाही.