फोनवरचं मॉडेल पुरेसं का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे दोन आक्षेप आहेत. फोनवर चाळीस फोटो काढले की अ‍ॅप कार्डिनलच्या (कॅथलिक चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूच्या) संगमरवरी अर्धपुतळ्याचं त्रिमितीय (3D) मॉडेल करून देतं, मग पोलरायझर (चमक काढणारा फिल्टर), मोजपट्ट्या हा खटाटोप कशाला? आणि अचूकताच हवी तर सरळ लेझर स्कॅनर का नको?

आधी लेझर. तो पृष्ठभागावर किरणाचा ठिपका टाकून माप घेतो. संगमरवर प्रकाशाला थोडं आत शिरू देतो. स्फटिकांत तो पसरतो, ठिपका फिसकटतो आणि यंत्र पृष्ठभाग आहे त्याहून जरा खोल धरतं. 1999 मध्ये मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड' या संगमरवरी पुतळ्याचं लेझर स्कॅनिंग झालं, तेव्हाही हा त्रास झालाच. शिवाय खोल कोरीव घड्यांत किरण पोचत नाही तो नाहीच.

आता फोन. इटालियन शिल्पकार बर्निनीने 1632 मध्ये घडवलेला कार्डिनल शिपिओने बोर्गेझेचा अर्धपुतळा घ्या. छातीवरचं एक बटण काजातून अर्धवटच गेलंय, डोळ्यांच्या बाहुल्या कोरलेल्या आहेत. अ‍ॅप असे खळगे गुळगुळीत करून बुजवतं आणि कार्डिनलची नजरच जाते. या पुतळ्याच्या पहिल्या प्रतीत कपाळावर दगडाची भेग आहे (म्हणून तर दुसरी घडवली!), तीही पुसट होईल.

पोलरायझर चमकेसाठी. कॅमेरा हलला की पॉलिशवरची चमकही हलते, सॉफ्टवेअर तिलाच खूण समजतं आणि गालावर नसलेले उंचवटे उगवतात. दिव्यावर पोलरायझिंग फिल्म, लेन्सवर तिच्याशी 90 अंशांत फिल्टर, की चमक गेली. प्रकाश बराच घटतो, म्हणून ट्रायपॉड; कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ/8 ते एफ/11. दर 15 अंशांना एक फोटो, तीन उंचींवरून, म्हणजे 72. हनुवटीखाली, कानामागे वेगळे. नुसत्या फोटोंवरून खरं माप कळत नाही, त्यासाठी मोजपट्ट्या. त्या आणि खुणांचे कागद चौथऱ्याशेजारी ठेवायचे. दगडाला काही चिकटवू नका, पांढरा स्प्रे तर मुळीच नको.

पुतळा कोनाड्यात असेल तर पाठ मिळत नाही. मॉडेलमध्ये तिथे भोक राहू द्या. सॉफ्टवेअरने ते आपोआप भरलं, तर पुढच्या अभ्यासकाला ती शिल्पकाराची छिन्नी वाटेल. भरलेली प्रत प्रदर्शनापुरती.

जपायचं ते मुख्यतः मूळ फोटो, म्हणजे रॉ फाइली (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइली). सोबत प्रक्रियेचा अहवाल, मॉडेलच्या आकाराची जाळी (पीएलवाय किंवा ओबीजे फाइल), त्यावरच्या रंगाचा पोत (टिफ चित्र) आणि प्रत्येकाचा एसएचए-256 चेकसम (फाइल बदलली तर कळावं म्हणून काढलेला आकडा). तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. नुसती प्रोजेक्ट फाइल ठेवलीत, तर सॉफ्टवेअर बंद पडल्यावर ती उघडणार कशात?

तुमचे ते चाळीस फोटो मात्र डिलीट करू नका. अ‍ॅपने बनवलेलं मॉडेल गेलं तरी चालेल, त्या फोटोंवर पुन्हा प्रक्रिया करता येते.