मोजणीवाले आले

नदीकाठी उभं राहायला आमच्याकडे कारण लागतं. मोटर चालू करायची आहे, म्हशी धुवायच्या आहेत, कुणाच्या दहाव्याला आलोय, मासे धरतोय, हे सगळं चालतं. घरात भांडण झालं म्हणून येऊन बसलोय, हे तर फारच चालतं; लोक शेजारी येऊन बसतात. ‘पक्षी बघतोय’ हे मात्र कारण म्हणून कुणी धरत नाही. धडधाकट माणूस, पेन्शन चालू, डोक्याला माकडटोपी आणि सकाळी सकाळी बदकं बघतो? यात काहीतरी गोम असणार.

गाव निफाड तालुक्यातलं, अगदी गोदाकाठचं. गोदावरी हे कागदोपत्री. बोलताना सगळे गंगाच म्हणतात. थोडं खाली गेलं की तिला कादवा मिळते आणि तिथं नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे, इंग्रजांच्या काळातला. दोन्ही नद्यांनी इतकी वर्षं त्यात इमानेइतबारे गाळ आणून टाकला. पाण्याचा साठा घटत गेला आणि पक्ष्यांची सोय वाढत गेली : उथळ पाणी, चिखल, मधे बेटं, काठाला ऊस नि गहू. १९८६ साली अभयारण्य झालं आणि २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव गेलं, महाराष्ट्रातून पहिलं. लडाख-तिबेटाकडून चक्रवाक हिमालय ओलांडून इथं येतात. त्यांना इथं का आलात म्हणून कुणी विचारत नाही. मी नाशिकच्या कॉलेज रोडवरून आलो, तर मला रोज विचारतात.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी वडिलांच्या घरी राहायला आलो आणि मुलानं दुर्बीण घेऊन दिली. पक्षी पहाटे चांगले दिसतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पहाटे नदीकाठी आणखी काय काय दिसतं, हे पुस्तकात लिहीत नाहीत. गावाच्या वेशीवर ‘हागणदारीमुक्त’ असा फलक आहे, पण फलकाच्या मागे झुडपं आहेत. नंतर धुणं घेऊन बायका येतात. अशा ठिकाणी गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणाऱ्या माणसाच्या चारित्र्याचं काय होणार! म्हणून मी एक नियमच करून घेतला : कोणी दिसलं की दुर्बीण थेट आकाशात. त्यामुळे माझा घारी आणि भोवत्यांचा अभ्यास पक्का आहे. पाण्याच्या कडेनं तुरुतुरु धावणाऱ्या तुतवारांविषयी मला फारसं विचारू नये.

तरी दुर्बीण असेपर्यंत निभत होतं. पुढे स्पॉटिंग स्कोप आला, म्हणजे एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण, तिपाईसकट.

जानेवारी होता. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती घसरला, हे आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखं एकमेकांना सांगतो. द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागांतून शेकोट्या पेटलेल्या. त्या धुरात आमच्या काठावरून काही दिसेना, म्हणून मी पूल ओलांडून पलीकडच्या शिवारात गेलो आणि एका बांधावर तिपाई उभी केली. समोरच्या बेटावर चक्रवाकांचा मोठा थवा, कोवळ्या उन्हात नुसता केशरी. अलीकडे थापटे बदकं चोची पाण्याला लावून गोल गोल फिरत होती. मी डोळा लावतोय तोच मागे मोटरसायकल थांबली.

“कोणता गट?”

“चक्रवाक,” मी डोळा न काढता म्हणालो.

“गट नंबर विचारतोय, साहेब.”

सुरत-चेन्नई महामार्गाच्या भूसंपादनानं आमच्या तालुक्याची झोप आधीच उडालेली. तिपाई, तिच्यावर यंत्र, यंत्राला डोळा लावलेला सफारीतला माणूस. दुसरा काय अर्थ निघणार? फोन गेले. पंधरा-वीस मिनिटांत बांधावर अर्धा गाव. एक बाबा काठी टेकत पुढे आले. “साहेब, रस्ता न्यायचा तर न्या, पण माझी विहीर सोडून न्या.” मी म्हटलं, “बाबा, मी फक्त पक्षी बघतोय. हे घ्या, तुम्हीच बघा.” बाबांनी एक डोळा मिटला, दुसरा लावला, बराच वेळ पाहिलं आणि मागे वळून जाहीर केलं, “रस्ता बदकातून चाललाय.”

“पक्षी हा बहाणा आहे,” एक तरुण म्हणाला. “सिन्नरला समृद्धीच्या वेळीसुद्धा आधी असेच आले होते.”

ओळखपत्र मागितलं गेलं. माझ्याकडे होतं ते ज्येष्ठ नागरिकाचं, एसटीत अर्ध्या तिकिटासाठी. ते हातोहात फिरलं. परिस्थिती चिघळणार एवढ्यात गर्दीतून एकानं मला ओळखलं. “अरे, हे तर पलीकडचे. आप्पा. बँकेत होते ना?”

बँक म्हटल्यावर बांधावर शांतता पसरली.

“बँकेतले?” मागून कुणीतरी हळूच विचारलं. “म्हणजे वसुली?”

मी ‘निवृत्त’ हा शब्द दोनदा उच्चारला, पण तोवर मोटरसायकलींना किका बसल्या होत्या. बघता बघता बांध मोकळा झाला. विहीरवाले बाबाही कुणाच्या तरी मागे बसून निघाले. इतक्या सायलेन्सरांचा आवाज एकदम झाल्यावर चक्रवाकांनीही बेट सोडलं. मी एकटाच उरलो.

त्यानंतर माझ्याविषयी दोन मतं आहेत. दिवसा मी भूसंपादनाचा आणि रात्री मोटरचोरांचा माणूस. नदीला लागून ओळीनं पाण्याच्या मोटरी, त्यांच्या केबलीत तांबं आणि तांब्याला भाव. एका रात्री घुबडाचा आवाज आला म्हणून बॅटरी घेऊन बाहेर पडलो, तर समोरून तीन बॅटऱ्या माझ्यावर पडल्या. “आप्पा, काही हरवलं का?” अगदी आदरानं विचारलं. बॅटऱ्या मात्र घरापर्यंत सोबत आल्या. उसात बिबट्या आहे, म्हणून सोबत, असं त्यांचं म्हणणं.

पक्ष्यांशी गावाचं वैर आहे असंही नाही. त्यांचा पक्ष्यांशी व्यवहार आहे, इतकंच. द्राक्षात गोडी उतरली की बुलबुल आणि साळुंक्या येतात, भोरड्यांचे थवे ढगासारखे उतरतात. मग जाळ्या, चमचमत्या पट्ट्या, पत्र्याचे डबे, फटाके. मी एकदा उत्साहानं सांगायला गेलो, “भोरड्या नाकतोडेही खातात बरं का, शेतकऱ्याच्या मित्रच त्या.” बागवाला शांतपणे म्हणाला, “आप्पा, तुमची बाग किती एकर?”

रविवारी चापडगावला गाड्या येतात. त्यातल्या पाहुण्यांना फ्लेमिंगो हवे असतात आणि नंतर पिठलं-भाकरी. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्या लेन्सा माझ्या स्कोपपेक्षा मोठ्या असल्यामुळे त्या दिवशी गावाचा संशय तरी वाटला जातो.

आता नानांनी मात्र माझी सोय लावली आहे. नाना शेजारी, वयानं मोठे. त्यांचं वावर नदीपलीकडे. थ्री फेज लाइट कधी येईल त्याचा नेम नाही, मोटर मधेच ट्रिप होते आणि नानांचे गुडघे पूल ओलांडायला तयार नसतात. त्यांनीच गावात सांगून टाकलं, की आप्पांचं यंत्र पाणी बघायचं आहे. तेव्हापासून मला गच्चीवर कुणी हटकत नाही. मागणी मात्र वाढली आहे. कुणाची शेळी चुकली, कुणाला टपरीवर पोरगा बसलाय का हे पाहायचंय, सगळे गच्चीवर.

परवा चमचे आले होते. पांढरेशुभ्र, चोची पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत खाणं सुरू. मी श्वास धरून बघतोय, तेवढ्यात खालून नाना ओरडले.

“आप्पा, तिपाई माझ्या वावराकडं फिरवा जरा. पाणी चालूये का?”

फिरवली. “चालू आहे, नाना. चारीत शेकाटे उतरलेत, पाच-सहा. काय पाय आहेत हो, लालबुंद!”

“गव्हात शिरले का?”

“नाही, पाण्यातच आहेत.”

“मंग राहू द्या त्यांना. पाइप भरून पडतंय का अर्धा, ते सांगा.”