टॉर्चखाली चमकलं नाही म्हणजे गजकर्ण नाही?

"गजकर्ण ओळखायला आता कातडी खरवडू नका. जांभळा टॉर्च मारा. चमकलं तर बुरशी, नाही चमकलं तर ॲलर्जी. टॉर्च नसेल तर मोबाइलवर फोटो काढा." हा संदेश निदान चार जणांनी तरी मला पाठवला. तो निव्वळ थाप असता तर सोडून दिला असता, पण त्यात थोडं खरंही आहे.

चमकलं तर बुरशी? कधीकधी. त्या जांभळ्या टॉर्चचं दवाखान्यातलं रूप म्हणजे वुड्स लॅम्प; तो साधारण ३६५ नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडतो. त्वचारोगात तो १९२५ पासून वापरात आहे, आणि सुरुवात झाली ती केसांतल्या बुरशीपासूनच. मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीने धरलेले केस अंधाऱ्या खोलीत हिरवेगार उजळतात. बघत राहावं असं दृश्य. पण जांघेत पोवळ्यासारखा लाल उजेड दिसला तर तो एरिथ्राझ्मा, म्हणजे जिवाणूंचा संसर्ग. शिवाय मलम चमकतं, साबणाचा अंश चमकतो, कपड्याचा धागासुद्धा चमकतो.

नाही चमकलं तर ॲलर्जी? खरा घात इथे आहे. अंगावरच्या गजकर्णात नेहमी सापडणारी ट्रायकोफायटन रुब्रम ही बुरशी या दिव्याखाली चमकतच नाही. म्हणजे टॉर्चच्या हिशेबाने बहुतेक गजकर्ण 'ॲलर्जी' ठरणार आणि त्यावर स्टेरॉइडचं मलम चोपडलं जाणार. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. खाली बुरशी मात्र निवांत पसरते. कडेचं वर्तुळ पुसट होऊन चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की मुरलेले डॉक्टरही फसतात. याला टिनिया इन्कॉग्निटो, म्हणजे वेश पालटलेलं गजकर्ण म्हणतात.

फोटोबद्दल फार लिहीत नाही. गोल चट्टा सोरायसिसचा असतो, एक्झिमाचाही असतो. डर्मोस्कोप, म्हणजे कातडी बघायचं भिंग, दहापट मोठं दाखवतो, त्यात स्वल्पविरामासारखे वळलेले तुटके केस दिसले तर डोक्यातल्या बुरशीचा संशय पक्का होतो. तरी दिसतो तो बुरशीने केलेला उपद्व्याप, तिचे तंतू नव्हेत.

तंतू दाखवणारं यंत्र आहे: कन्फोकल मायक्रोस्कोप. लेझरच्या उजेडात, कातडीला न दुखावता, वरच्या थरातल्या फांद्या फुटलेल्या चमकत्या रेषा दिसतात. सोय उत्तम, पण यंत्र महाग, बघणारा तयारीचा लागतो, आणि बुरशी कोणत्या जातीची, कोणत्या औषधाला दाद देणार नाही, हे चित्रात उमटत नाही.

आता त्या बदनाम खरवडण्याबद्दल. बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा तेवढा काढतात, मधला नाही. रक्त येत नाही. स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की पेशी विरघळू लागतात आणि तंतू उघडे पडतात. नवशिके पेशींच्या कडांनाच तंतू समजतात. खरा तंतू त्या कडा ओलांडून सरळ पलीकडे जातो. ही तपासणीही कधी चुकते, मग कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघतात, आणि त्याला चार आठवडेही लागतात.

नमुना द्यायला जाताना बुरशीचं मलम आधीपासून लावत असाल तर तेवढं सांगा. नाहीतर स्लाइड कोरी येते, आणि "बघा, बुरशी नव्हतीच" असा नवा संदेश फिरायला लागतो.