११२व्या ओळीतला आमचा मुलगा

आज दुपारी कॉलेजातून निघत असताना एका विद्यार्थ्याच्या आईचा फोन आला. हा विद्यार्थी दीड वर्षापूर्वी वर्धा रोडवरच्या अपघातात गेला. त्याचा मोबाइल अजून ताईंकडेच आहे आणि त्यावर येणारे मेलही त्याच उघडून पाहतात. आज एका भरती एजन्सीने कळवले होते, की तुमचे काम आम्हाला फार आवडले, कधी बोलता येईल? ताईंनी मला विचारले, "सर, यायले काय सांगू जी?"

मला उत्तर देता आले नाही.

संध्याकाळी भरतीच्याच कामात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला भेटलो, तेव्हा उलगडा झाला. गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारे आपले काम जिथे ठेवतात त्या संकेतस्थळावर, 'नागपूर' हे ठिकाण टाकून शोधायचे आणि ब्राउझरमधल्या एक्स्टेन्शनचे बटण दाबायचे, की नाव, गाव, कंपनी, मेल अशा रकान्यांची सीएसव्ही फाइल उतरते. त्याच्याकडेही अशी फाइल होती. तिच्या ११२व्या ओळीत आमचा मुलगा होता आणि 'हायरेबल' (नोकरीसाठी उपलब्ध) या रकान्यात त्याच्या नावासमोर 'ट्रू' (खरे) असे लिहिलेले होते.

"सर, माहिती सार्वजनिकच आहे ना," असे तो म्हणाला. हे वाक्य मला आता ऐकवत नाही. सातबाऱ्यासारख्या कागदांवरचे देवनागरी आकडे संगणकाला बेरजेसाठी घेता यावेत म्हणून त्या मुलाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, आणि कोणाला त्यात चूक सापडली तर त्याने कळवावे, एवढ्यासाठी आपले नाव-गाव तिथे ठेवले होते. कोणी ते गोळा करून गठ्ठ्याने न्यावे, यासाठी नव्हे! मेल पत्ता तर त्याने मुद्दाम दिलाही नसेल. प्रोग्रॅममधले बदल जपणारे गिट हे साधन प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, तो लिहून ठेवते आणि कमिटच्या दुव्याला शेवटी '.पॅच' जोडले की तो कोणालाही दिसतो. पत्ता झाकणारी 'नोरिप्लाय'ची सोय आहे, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ती शिकवणे माझे काम होते आणि मी ते केले नाही.

गिटहबच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमने माहिती मागवायच्या खिडकीला, लॉगिन न करता तासाला ६० विनंत्या करता येतात, टोकन (खात्याची ओळख पटवणारी किल्ली) असल्यास ५०००. एकेकाचे काम वाचून मग त्याला पत्र लिहिणाऱ्या माणसाला ही मर्यादा कधी आड येईल का? ती फक्त गावेच्या गावे उचलणाऱ्यांच्याच आड येते. ज्याने 'तुमचे काम आवडले' असे लिहिले, त्याने ते काम उघडले असते, तर शेवटचा कमिट दीड वर्षापूर्वीचा आहे, हे त्याला पहिल्याच पानावर दिसले असते.

संशोधनासाठी आणि जतनासाठी अशी माहिती गोळा करावी लागते, हे मान्य. गिटहबचे नियमही त्याला मुभा देतात. पण नको असलेले मेल पाठवायला आणि ही माहिती भरतीवाल्यांना विकायला तेच नियम मनाई करतात. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या नऊ न्यायमूर्तींमध्ये आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, याचा आपल्याला अभिमान आहे. मग याच शहरातल्या मुलांच्या याद्या तयार करताना आपलीच मुले क्षणभरही का थांबत नाहीत?

त्या माजी विद्यार्थ्यावर मी चिडलो, आणि आता लिहिताना त्याचे वाईट वाटते आहे. मुलगा वाईट नाही. त्याने माझ्यासमोर ती ओळ खोडली आणि बराच वेळ काही बोलला नाही, कारण ते दोघे एकाच बॅचचे होते आणि फाइल उतरवताना त्याने नावे वाचलीच नव्हती.

एजन्सीला उत्तर मीच पाठवले आहे. खाते बंद करून घेऊ का, असे ताईंना रात्री फोनवर विचारले. निदान पत्ता तरी पुसता येईल, पण त्यासाठी सगळे जुने कमिट नव्याने लिहावे लागतील, हेही सांगितले. त्या म्हणाल्या, "मेल आले तर येऊ द्या, सर. त्यानं लिवलेलं काई हलवू नका जी."