झाकली मूठ कुणाची?

महागडं घर विकायला काढलं की पहिल्याच बैठकीत ब्रोकर हमखास म्हणतो, "पोर्टलवर टाकूच नका, माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे." ऐकायला बरं वाटतं. शेजाऱ्यांत चर्चा नाही, नुसतं बघून जाणाऱ्या हौशी लोकांची वर्दळ नाही, दिवाणखान्याचे फोटो फोनाफोनी फिरत नाहीत. जाहिरात न करता, ओळखीपाळखीतून घर विकायच्या या पद्धतीला ऑफ-मार्केट म्हणतात. अमेरिकेत याला पॉकेट लिस्टिंग असंही नाव आहे, म्हणजे ब्रोकरच्या खिशातलं घर. नाव अगदी नेमकं आहे. घर मालकाचं, पण खिसा ब्रोकरचा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण इथे मूठ झाकल्याने फायदा कुणाचा होतो, ते साध्या आकड्यांत बघा. समजा घर 100 ला खिशातल्या खिशात विकलं. विकणाऱ्याकडून 2 टक्के आणि घेणाऱ्याकडून 2 टक्के, दोन्ही दलाली एकाच ब्रोकरला, म्हणजे 4. तेच घर खुल्या बाजारात 110 ला गेलं आणि घेणारा दुसऱ्या ब्रोकरकडून आला, तर पहिल्याच्या वाट्याला 2.2. दलाली वजा जाता मालकाचे 9.8 वाढले, ब्रोकरचे 1.8 घटले. यात कुणी लबाड असायची गरज नाही, रचनाच तशी आहे. म्हणून माझ्या मते ऑफ-मार्केटमधला पहिला प्रश्न ‘किती मिळतील’ हा नसून ‘दोन्ही बाजूंची दलाली तुम्हीच घेणार का’ हा असला पाहिजे.

गुप्तता फुकट मिळत नाही. ती विकत घ्यावी लागते आणि तिचे पैसे बहुतेक वेळा विकणारा मोजतो. काही वेळा ती त्या पैशाला परवडते. घटस्फोट चालू आहे, वारसांमध्ये वाटणी व्हायची आहे, धंद्यातली अडचण सावकारांना कळायला नको, घरातल्या माणसाच्या जिवाला धोका आहे, अशी कारणं असतील तर खुशाल दार लावून विका. ‘जरा खडा टाकून बघू’ हे मात्र कारण कच्चं आहे. त्यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. पोर्टलवर घर किती दिवस पडून आहे, किंमत किती वेळा उतरवली, हे सगळं दिसतं आणि तीन महिने पडून राहिलेल्या घराकडे लोक संशयाने बघतात. पण सहा माणसांना दाखवून जी किंमत कळते, ती त्या सहा माणसांची किंमत असते.

अमेरिकेत यावरून मोठं भांडण झालं. तिथे ब्रोकर मंडळी आपल्याकडची घरं एमएलएस नावाच्या सामायिक यादीत टाकतात. रिअल्टर्सच्या, म्हणजे ब्रोकरांच्या, राष्ट्रीय संघटनेने नोव्हेंबर 2019 मध्ये नियम मंजूर केला की घराची जाहीर जाहिरात सुरू झाली की कामकाजाच्या एका दिवसात ते या यादीत आलं पाहिजे. नियम 2020 पासून लागू झाला. पण त्यात एक खिडकी उघडी राहिली: जाहिरात न करता, त्याच ब्रोकर कंपनीच्या आतल्या आत घर फिरवायला मुभा. ज्या कंपनीकडे एजंट जास्त, तिची ‘आतली’ बाजारपेठ मोठी. मार्च 2025 मध्ये संघटनेने नियम कायम ठेवला आणि मालकाला काही काळ घर पोर्टलांपासून दूर ठेवायचा पर्याय जोडला. त्याच वर्षी झिलो या पोर्टलने निवडक लोकांपुरती जाहिरात केलेली घरं आपल्याकडे घेणार नाही असं धोरण आणलं आणि जून 2025 मध्ये कंपास या ब्रोकर कंपनीने झिलोला कोर्टात खेचलं. दोघेही मालकाच्या हिताची भाषा बोलतात. एकाला यादी हवी, दुसऱ्याला खिसा हवा.

ब्राइट एमएलएस ही अशीच एक यादी. तिच्या 2023 च्या अभ्यासात यादीतली घरं यादीबाहेरच्या घरांपेक्षा 17.5 टक्के जास्त किमतीला गेल्याचं निघालं. हा आकडा तोंडावर फेकायला बरा आहे, पण अभ्यास यादी चालवणाऱ्यांचाच आहे. शिवाय यादीबाहेर विकलं जाणारं घर आणि त्याच्या मालकाची निकड, दोन्ही मुळात वेगळी असू शकतात. दिशा मात्र मला पटते. लिलावात दुसरा हात वर झाला तरच पहिला पुढे सरकतो.

मग स्पर्धाच नसेल तर किंमत कशाच्या आधारावर ठरवायची? कागदाच्या. दोन स्वतंत्र व्हॅल्युअर, म्हणजे घराचं मूल्य ठरवणारे तज्ज्ञ, नेमा, ब्रोकरच्या ओळखीतले नकोत. दोघांना एकमेकांचा आकडा कळू देऊ नका. दोन आकड्यांत 10 टक्क्यांहून जास्त फरक आला तर सरासरी काढून मोकळे होऊ नका, फरक कशामुळे पडला ते विचारा. आलिशान घरात चौरस फुटाचा दर फार दूर नेत नाही. छताची उंची, गच्चीचा हक्क, समोरच्या मोकळ्या जागेवर उद्या इमारत उठेल का, गाड्यांची जागा, नोकरांचा वेगळा जिना, यांचे पैसे प्रत्येक व्हॅल्युअर वेगळे लावतो. त्यातून तुलनेला घ्यायचे अलीकडचे व्यवहारच कमी, आणि त्यातले काही ऑफ-मार्केट झालेले, म्हणजे त्यांचा आकडा बाजाराच्या कसोटीला उतरलेलाच नाही. कर्ज घेणाऱ्या खरेदीदाराला हीच अडचण उलट्या बाजूने नडते. बँकेच्या व्हॅल्युअरला तुलनेला व्यवहार सापडत नाहीत, तो हात राखून आकडा देतो आणि मधली तफावत खरेदीदाराला रोख भरावी लागते. सौदा ऐन वेळी फिसकटतो तो बऱ्याचदा इथे.

ब्रोकरला द्यायचं अधिकारपत्र लेखी हवं आणि मुदत 6 ते 8 आठवड्यांचीच. ब्रोकर कुणाकुणाला घर दाखवणार त्यांची नावं आधी लिहून घ्या आणि प्रत्येक नवीन नावाला तुमची लेखी संमती ठेवा. मुदत संपल्यावरही त्याने आणलेल्या माणसाने घर घेतलं तर दलाली द्यावी लागेल, असं कलम बहुतेक मसुद्यांत असतं. ते फक्त त्या नोंदवलेल्या नावांपुरतं ठेवा. नाहीतर नंतर घर खुल्या बाजारात विकूनही दोघांना दलाली मोजायची पाळी येते. मुदतीत आठ-दहा जणांनी घर पाहिलं आणि एकाचीही लेखी ऑफर नाही, तर किंमत चुकली आहे. दोघा-तिघांनीच पाहिलं, तर ते ‘तयार गिऱ्हाईक’ मुळात नव्हतंच.

गुप्तता फुटते ती मात्र अगदी किरकोळ ठिकाणी. फोटोच घ्या. फोनवर काढलेल्या फोटोत लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश साठवलेले असतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातात, पण ‘क्वालिटी बिघडते’ म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवला की घराचा पत्ता सोबत जातो. खिडकीतून दिसणारा टॉवर, पूल किंवा समुद्राचा कोपरा बघून इमारत आणि मजला दोन्ही ओळखणारे लोक आहेत. काळ्या टीव्हीच्या पडद्यात, फ्रीजच्या स्टीलमध्ये प्रतिबिंबं पडतात. भिंतीवरचे कौटुंबिक फोटो, चित्रं, तिजोरीचं कपाट, अलार्मचं पॅनल चौकटीबाहेर ठेवा. पहिल्या टप्प्यात पत्ता नसलेलं एक पान जाऊ द्या: ढोबळ भाग, क्षेत्रफळ, खोल्या, अपेक्षित किंमत. गोपनीयतेच्या करारावर सही झाली की मगच नकाशे आणि पूर्ण फाइल. प्रत्येकाच्या प्रतीवर त्याचं नाव वॉटरमार्कने छापा, फाइल फुटली तर कुणाकडून फुटली ते कळतं. करारापेक्षा हा वॉटरमार्क जास्त धाक दाखवतो.

खरेदीदारांनो, तुमच्याकडेही बघू. ‘ऑफ-मार्केट आहे, स्वस्तात पडेल’ हा गोड गैरसमज आहे. अनेक मालकांना विकायची घाईच नसते. मनातला आकडा कुणी दिला तर विकू, एवढंच. तो आकडा बाजारभावाच्या वरचा असू शकतो आणि तुमच्यासमोर ना जुन्या किमतीचा इतिहास, ना दुसरी ऑफर. घर किती महिने असं कुजबुजीत फिरतंय आणि आतापर्यंत किती जणांनी पाहिलं, हे थेट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तेही उत्तरच आहे.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते साखळीतले ब्रोकर. एकाने दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि शेवटी तेच घर एकाच माणसाकडे तीन किमतींना येतं. प्रत्येकाने मध्ये आपला वाटा चढवलेला. इथे दोनच गोष्टी मागाव्यात: मालकाच्या सहीचं अधिकारपत्र आणि दोन-तीन दिवसांत घर बघायची वेळ. ज्याच्या हातात खरोखर घर आहे तो दोन्ही देतो. बाकीचे ‘आधी तुमची ऐपत कळू द्या’ म्हणतात. ऐपत दाखवायला हरकत नाही, पण ती बँकेच्या ताज्या पत्राने आणि आपल्या वकिलामार्फत. खात्याचे स्क्रीनशॉट कुणालाच देऊ नका. आणि विकणाऱ्यानेही पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन करून खात्री करू नये, बँकेचा नंबर स्वतः शोधून करावी.

ऑफर लेखी द्या, 72 तासांची मुदत घाला. मुदत नसलेली ऑफर दुसऱ्याला दाखवून भाव चढवायच्या कामी येते. इसाराची रक्कम मालकाच्या किंवा ब्रोकरच्या खात्यात थेट नको, एस्क्रोत, म्हणजे अटी पूर्ण होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे राहतात अशा खात्यात, किंवा वकिलाच्या ग्राहक-खात्यात ठेवा. टायटल (मालकी हक्क), बोजा, वारसांच्या सह्या आणि मंजूर नकाशा यांची तपासणी होईपर्यंत ती तिथून हलता कामा नये. दोन फ्लॅट जोडून एक केला असेल, बाल्कनी आत घेतली असेल, गच्चीवर खोली चढवली असेल, तर परवानगीचा कागद हवाच. ‘बँक खातं बदललंय, पैसे नवीन खात्यात भरा’ असा ईमेल शेवटच्या आठवड्यात आला तर तो खोटा धरून चाला आणि आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन लावा.

मालकांनी हेही लक्षात घ्यावं की गुप्तता बऱ्याच ठिकाणी नोंदणीपर्यंतच टिकते. पुढे दस्त सार्वजनिक नोंदीत जातो. कंपनीच्या नावावर घर ठेवून नाव लपवायची वाटही अरुंद होत चालली आहे. ब्रिटनमध्ये 2022 पासून, मालमत्ता धरणाऱ्या परदेशी संस्थांना आपले खरे लाभधारक नोंदवावे लागतात.

आणि ताबा घेताना सगळ्यांच्या नजरेतून सुटतं ते होम ऑटोमेशन. झुंबरं, पडदे, स्वयंपाकघरातली यंत्रं यांची सिरियल नंबरांसह यादी कराराला जोडलेली असते, पण दिवे, एसी, फाटक आणि कॅमेरे चालवणाऱ्या सिस्टिमचं मुख्य खातं जुन्या मालकाच्या ईमेलवरच राहतं. ताब्याच्या दिवशी इन्स्टॉलरला समोर बसवून ते खातं नवीन ईमेलवर घ्या, जुने युजर काढा, फाटकाचे आणि लिफ्टचे कोड बदला, कॅमेऱ्यांचं क्लाउडवरचं जुनं रेकॉर्डिंग कुणाकडे राहणार ते लिहून घ्या. इन्स्टॉलरकडे मूळ प्रोग्रामिंगची फाइल असते, तीही मागून घ्या. ती नसेल तर एक दिव्याचं बटण बदलायलासुद्धा अख्खी सिस्टिम पहिल्यापासून बसवावी लागू शकते.