झुबियनला जुगाड म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

झुबियन म्हणजे पहिल्या महायुद्धात झुलू आणि नूबियन या दोन मोडलेल्या विनाशिकांचे तुकडे जोडून घडवलेली ब्रिटिश विनाशिका (डिस्ट्रॉयर). तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण रविवारी रात्री प्रतिक्रिया लिहिलीत. नाव दिलेलं नाही, ‘एक वाचक’ एवढंच. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही, कारण रागात लिहिलेलं पाठवू नये असं मला घरात शिकवलेलं आहे. आज मंगळवार. राग पुरता गेलाय असं म्हणणार नाही, पण आता लिहिते.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी तिचा सारांश. आपलं म्हणणं असं: जहाजाचा इतिहास ते कमिशन होतं, म्हणजे आरमारात रीतसर दाखल होतं, त्या दिवसापासून सुरू होतो; झुबियन कमिशन झाली १९१७ साली, तर तिची गोष्ट १९०९ पासून, म्हणजे झुलू आणि नूबियनपासून, सांगणं चूक. यूसी-५० ही जर्मन पाणबुडी बुडवल्याचं श्रेय तिला देणं आता संशोधकांना मान्य नाही. झुलू आणि नूबियन ज्या वर्गातल्या त्या ट्रायबल वर्गातल्या सगळ्या विनाशिकांना चार धुराडी होती हे विधान चूक. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘भंगाराच्या दोन तुकड्यांचं हे जुगाड, त्याचं एवढं कौतुक गोदीची पायरीही न चढलेल्यांनाच वाटणार.’

धुराड्यांचं आधी मान्य करते. मी ‘सगळ्या’ हा शब्द वापरायला नको होता. त्याच वर्गातल्या व्हायकिंगला सहा धुराडी होती आणि हे मला ठाऊक होतं. झुलू आणि नूबियन या दोघींना चार-चार, म्हणून हात तसा चालला. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, आणि हे आभार मनापासून आहेत.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते.

गोदीची पायरी. महोदय, सुक्या गोदीची पायरी चढायची नसते, उतरायची असते. पंप पाणी उपसतात, जहाज ठोकळ्यांवर टेकतं, आणि मग कडेच्या दगडी पायऱ्यांनी माणसं खाली उतरतात. शेवाळ असतं, पाय सरकतो. वर पाहिलं की जहाजाचं पोट डोक्यावर असतं. मी त्या पायऱ्या किती वेळा उतरले याचा हिशेब माझ्याकडे नाही. १९७९ साली मुंबईतल्या जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात मी ट्रेसर, म्हणजे आराखड्यांच्या नकला काढणारी, म्हणून लागले आणि ड्रॉइंग ऑफिसातून एकोणतीस वर्षांनी निवृत्त झाले. हे मी ब्लॉगवर कधी मिरवलं नाही. आज लिहावं लागतंय, कारण आपण मला न विचारता माझ्याबद्दल ठरवून टाकलंत.

१९९१ सालची गोष्ट सांगते. एका बार्जची, म्हणजे मालवाहू सपाट नौकेची, नाळ (पुढचं टोक) टकरीत चेपली होती. पुढचा भाग कापून नवा बसवायचा होता. ड्रॉइंग माझ्याकडे आलं. मी म्हटलं, जुनी बार्ज आहे, इतक्या वर्षांत तिचं पोट वाकलेलं असणार, जुन्या कागदावर विसंबून चालणार नाही, खाली उतरून प्रत्यक्ष मापं घ्यायला हवीत. वरिष्ठांनी सांगितलं, बाईमाणसाने गोदीत उतरायचं नाही, कागदावरून काढा. काढलं. नवा भाग क्रेनने खाली आला आणि डाव्या बाजूला अठरा मिलिमीटर चुकला. पत्र्याला पत्रा भिडेना. सगळ्यांसमोर खापर ड्रॉइंगवर फुटलं, म्हणजे माझ्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडीचा पदर खोचून, खडू आणि ओळंबा घेऊन मी खाली गेले. कुणाला विचारलं नाही. अठरा मिलिमीटर म्हणजे हाताच्या अंगठ्याची रुंदी. तेवढ्यासाठी अकरा दिवस गेले.

आता झुबियन जिथे जोडली गेली त्या इंग्लंडमधल्या चॅटमच्या गोदीत काय घडलं ते पाहा. झुलू बांधली हॉथॉर्न लेस्लीने, टाइन नदीवर. नूबियन बांधली थॉर्निक्रॉफ्टने, साउदॅम्प्टनजवळ वुल्स्टनला. दोन्ही १९०९ साली पाण्यात उतरल्या, दोन्ही सुमारे हजार टनांच्या. कागदोपत्री एकाच वर्गातल्या. पण तेव्हाचे ब्रिटिश आरमाराचे प्रमुख ॲडमिरल फिशर यांना हव्या होत्या तेहतीस नॉटच्या (ताशी तेहतीस सागरी मैल वेगाच्या), तेलावर आणि टर्बाइनवर चालणाऱ्या विनाशिका, आणि आरमाराने फक्त अपेक्षा सांगून आराखडा ज्या-त्या कारखान्यावर सोडला होता. त्यामुळे बारा विनाशिकांतली प्रत्येक आपापल्या घरची. ज्यांना ‘एकाच वर्गातली दोन जहाजं, त्यात काय जोडायचं’ असं वाटतं त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. नूबियनची रुंदी आणि झुलूची रुंदी यांत साडेतीन इंचांचा फरक होता. मध्यरेषा जुळवली तर दोन्ही अंगांना पावणेदोन-पावणेदोन इंच. म्हणजे माझ्या त्या अठरा मिलिमीटरच्या जवळजवळ अडीचपट, आणि तेही दोन्ही बाजूंना.

आणि ती बार्ज नव्हती. तेहतीस नॉटने लाटा कापत जाणारी, पातळ पत्र्याची, रिव्हेटांनी सांधलेली विनाशिका होती ती. वेल्डिंग करून भरून काढू, असं म्हणायची सोय त्या काळी नव्हती. अशा जहाजाचा कणा प्रत्येक लाटेवर वाकतो आणि सरळ होतो. सांध्यापाशी पत्र्याची ओळ मोडली तर सगळा ताण तिथेच येऊन बसतो आणि एक-एक रिव्हेट सैल होत जातो. हे ज्याने लॉफ्टच्या, म्हणजे जहाजाच्या रेषा पूर्ण मापात आखायच्या दालनाच्या, फरशीवर गुडघे टेकून, लवचिक लाकडी पट्टी धरून रेषा ओढल्या आहेत त्याला सांगावं लागत नाही. पावणेदोन इंचांचा फरक पुढच्या काही फुटांत मुरवायचा, असा की पाण्याला कळू नये. चॅटमच्या कामगारांनी ते केलं. पुढचा भाग झुलूचा, मधला आणि मागचा नूबियनचा. झुलू सुरुंगावर गेली ८ नोव्हेंबर १९१६ला. झुबियन कमिशन झाली ७ जून १९१७ला. सात महिन्यांना एक दिवस कमी. त्यातल्या पत्रे बसवणाऱ्या एकाही प्लेटरचं, रिव्हेट ठोकणाऱ्या एकाही रिव्हेटरचं नाव माझ्या लेखात नाही. आणि आपण त्यांच्या कामाला जुगाड म्हणता. खाट मोडली म्हणून दोरी बांधली, त्याला जुगाड म्हणतात. हा शब्द मागे घ्या एवढंच मला म्हणायचं आहे. मला अडाणी म्हणा हवं तर, मी सहन करीन.

दुसरा शब्द भंगार. यावरही थोडं थांबते.

२६ ऑक्टोबर १९१६ची रात्र. बेल्जियमच्या किनाऱ्यावरच्या फ्लँडर्सच्या बंदरांतून निघालेल्या जर्मन टॉर्पेडो बोटी इंग्लंड आणि फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत घुसल्या. पाणबुड्यांना अडवायला पसरलेल्या जाळ्यांवर राखण करणारे ड्रिफ्टर तिथे होते. म्हणजे मासेमारीच्या होड्याच, आणि त्यांवरची माणसंही बहुतेक मच्छीमारच. त्यातले सहा बुडाले. फ्लर्ट ही जुनी विनाशिका त्यांच्या मदतीला थांबली आणि जवळजवळ सगळ्या खलाशांसह गेली. ट्रायबल वर्गातल्या विनाशिका डोव्हरहून धावल्या. नूबियन एकटीच पुढे पोहोचली आणि टॉर्पेडो तिच्या नाळेवर बसला. तिला ओढून नेताना दोर तुटला आणि ती साउथ फोरलँडजवळ किनाऱ्याला लागली, पुढचा भाग गमावून. मग दोन आठवड्यांच्या आत झुलूखाली सुरुंग फुटला आणि तिचा मागचा भाग निकामी झाला. उरलेला पुढचा भाग ओढत फ्रान्समधल्या कॅले बंदरात नेला. या दोन अर्धुकांना आपण भंगार म्हणता. कोकणातला कुठलाही कोळी तुटलेल्या होडीला भंगार म्हणण्याआधी तिच्यावर कोण होतं ते विचारतो.

म्हणूनच मी गोष्ट १९०९ पासून सुरू केली. आपला हा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या मला समजतो. आरमाराच्या नोंदवहीत झुबियन हे नाव जून १९१७च्या आधी नाही. पण नोंदवहीची पहिली ओळ म्हणजेच जहाजाचा जन्म असं मी मानत नाही. ती समुद्रात गेली ती नूबियनच्या पिछाडीवर आणि झुलूच्या नाळेने, आणि हे लोखंड १९०९ सालचंच होतं. नावसुद्धा तसंच घडवलं: झुलूचं आद्याक्षर, नूबियनची शेपटी. ज्यांनी ते ठेवलं त्यांनाही आधीची दोन्ही आयुष्यं पुसायची नव्हती. या मुद्द्यावर आपलं मत वेगळं असेल तर असू द्या, मी माझा लेख बदलणार नाही.

आपण असंही सुचवलंत की ब्रिटिशांकडे एवढी विनाशिकांची फौज असताना हा खटाटोप नुसता हौसेचा. ते वर्ष कोणतं होतं ते आठवा. फेब्रुवारी १९१७ मध्ये जर्मनीने निर्बंध झुगारून पाणबुड्यांचं युद्ध सुरू केलं. एकट्या एप्रिल महिन्यात मित्रराष्ट्रांची आणि तटस्थांची आठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडाली. फ्रान्सकडे जाणारी फौज आणि रसद रोज ती सामुद्रधुनी ओलांडत होती. गर्का ही याच वर्गातली विनाशिका फेब्रुवारीत सुरुंगावर जाऊन बुडाली, माओरी तर त्याआधीच, १९१५ साली. पूर्ण नवी विनाशिका बांधायला लागणारा काळ आणि दोन अर्ध्या जोडायला लागणारे सात महिने, हा हिशेब युद्धात कुणीही असाच केला असता.

यूसी-५०बद्दल. ४ फेब्रुवारी १९१८ रोजी झुबियनने ती पाणबुडी बुडवल्याचं श्रेय तिला मिळालं, असंच माझ्या लेखातलं वाक्य आहे. ‘श्रेय मिळालं’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले होते. यावर मला वाद वाढवायचा नाही.

झुबियन १९१९ साली मोडीत निघाली. म्हणजे झुबियन या नावाने जेमतेम अडीच वर्षं. एवढ्या छोट्या कारकिर्दीवर एवढा मोठा लेख कशाला, असं आपण विचारलंत. ज्या जहाजावर बोलायला मला आवडतं त्यावर मी लिहिते, आणि हा ब्लॉग माझा आहे.

एक राहिलं. आपल्या प्रतिक्रियेनंतर एका तरुण वाचकाने मला खासगीत विचारलं की ‘गोदीत न गेलेल्यांनी यावर लिहू नये का?’ तो इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि झुबियनचं प्रतिरूप लाकडात करतोय. त्याला मी कळवलं की लिही, बनव, विचार. दोन्ही अर्ध्यांच्या रुंदीतला साडेतीन इंचांचा फरक त्याच्या मापाला किती येतो तेही काढून दिलं. एकास दोनशे या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहून कमी. तो म्हणाला, मग सँडपेपरनेच निघेल. मी म्हटलं, काढू नकोस, राहू दे.

यापुढे प्रतिक्रिया लिहायची असेल तर नावानिशी लिहा. छापीन आणि उत्तरही देईन.